पिकअपवर सीबी अँटेना: काठी कोणती घ्यायची आणि उभी कुठे करायची

सीबी (सिटिझन्स बँड, म्हणजे गाडीतून आसपासच्या लोकांशी बोलायचा वायरलेस) रेडिओ घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा सगळे पैसे रेडिओवर घालतो आणि उरलेल्यात मिळेल तो अँटेना उचलतो. हिशेब उलटा हवा. अमेरिकेत एफसीसी या रेडिओचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या नियमानुसार सीबीवर एएम आणि एफएममध्ये जास्तीत जास्त ४ वॅट, आणि सिंगल साइडबँड या आवाज पाठवायच्या तिसऱ्या पद्धतीत १२ वॅट वापरता येतात. म्हणजे दुकानातला सगळ्यात स्वस्त एएम रेडिओ घ्या किंवा क्रोमने मढवलेला, दिव्यांनी लखलखणारा घ्या, हाताशी वॅट तेवढेच. तुमचा आवाज टेकडीपलीकडे जाणार की मागच्या गाडीपर्यंत जाऊन विरणार, हे अँटेना ठरवतो. आणि त्याहून जास्त ठरवतो तो अँटेनाखालचा पत्रा.

हा पत्र्याचा मुद्दा पिकअपवाल्यांनी जरा जास्तच मनावर घ्यायचा असतो. सेडान म्हणजे एकसंध लोखंडी डबा. पिकअपचं तसं नसतं. खाली चॅसी, तिच्यावर रबरी गाद्यांवर बसवलेली केबिन, मागे बोल्टांनी आवळलेला वेगळा हौदा, आणि या सगळ्यांच्या मध्ये रंगाचे थर. डोळ्यांना एक गाडी दिसते, पण रेडिओलहरींच्या लेखी ते अर्धवट जोडलेले तीन तुकडे असतात. त्यातून हल्लीच्या गाड्यांत कुठे ॲल्युमिनियम, कुठे प्लॅस्टिक. टेक्सासात डॅलस-ह्यूस्टनकडे पिकअप घेणारे आपले लोक आता कमी नाहीत, आणि त्यातल्या कुणी ‘महागातला अँटेना लावला तरी कुणी ऐकत नाही’ असं म्हटलं, तर मी आधी अँटेनाची नव्हे, तो जिथे लावला त्या जागेची चौकशी करतो.

खर्च करण्याआधी

तुम्हाला बोलायचंय कुणाशी, हे आधी ठरवा. हायवेवरचे ट्रकवाले अजूनही चॅनल १९ वर असतात. १९७३ च्या तेलटंचाईत डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे उभे आहेत हे एकमेकांना सांगायला त्यांनी सीबी उचलला, आणि पुढे अपघात, बर्फ, बंद लेन यांची खबर द्यायला तो टिकला. लांबच्या प्रवासात तो ऐकणं आजही उपयोगाचं आहे. चॅनल ९ आणीबाणीसाठी आणि अडकलेल्या प्रवाशांच्या मदतीसाठी राखीव आहे, तिथे गप्पा मारायच्या नाहीत.

पण तुम्ही डोंगरात, वाळवंटात एखाद्या ग्रुपबरोबर फिरणार असाल तर आधी त्यांना विचारा. बरेच ऑफरोड ग्रुप आता जीएमआरएस या दुसऱ्या रेडिओसेवेवर गेलेत. त्याला ३५ डॉलरचं लायसन्स लागतं, ते १० वर्षं चालतं आणि त्यात घरातली माणसं येतात, परीक्षा नसते. त्याचा अँटेनाही वीतभर लांबीचा चालतो. तुमचा ग्रुप तिकडे असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. सीबीला मात्र लायसन्स लागत नाही. २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमधली ४० चॅनल सगळ्यांना खुली आहेत. एफसीसीची मान्यता असलेला रेडिओ घ्यायचा आणि शक्ती वाढवणारा ॲम्प्लिफायर जोडायचा नाही, एवढं पाळा.

आणि हो, हेच सामान पुढे भारतात नेऊन एसयूव्हीवर लावायचा बेत असेल तर थांबा. तिथे २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना खुला केला, पण ५ वॅटपर्यंत आणि उपकरणातच बसवलेल्या अँटेनासाठी. छतावर उभारलेली काठी त्यात बसत नाही.

काठीचं गणित

सीबीच्या लहरीची लांबी साधारण ११ मीटर. गाडीवर चांगला चालणारा उभा अँटेना तिच्या पाव लांबीचा असतो, म्हणजे जवळपास ९ फूट. १०२ इंची स्टीलची काठी आणि तिच्याखाली ६ इंची स्प्रिंग मिळून बरोबर तेवढं भरतं, म्हणून हे माप सीबीवाल्यांच्या तोंडी आहे. त्याहून आखूड अँटेनात उरलेली लांबी तारेच्या वेटोळ्यात गुंडाळलेली असते. त्याला कॉइल म्हणतात. ती बुडाशी असते, मध्ये असते किंवा शेंड्याकडे. लांबी जितकी कमी, तितकं काम कमी. हा नियम कुठल्याच कंपनीला चुकवता आलेला नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे खालचा धातू, ग्राउंड प्लेन. टाळी एका हाताने वाजत नाही. काठी हा एक हात, पत्रा हा दुसरा. पत्रा नसेल, किंवा असून काठीच्या माउंटशी, म्हणजे तिला धरणाऱ्या बैठकीशी, नीट जोडलेला नसेल, तर उत्तम काठीसुद्धा नुसती शोभेची.

पायरी पहिली: लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरा

फ्रिजवरचा चुंबक चालेल, रंगावर ओरखडा नको म्हणून तो फडक्यात गुंडाळा. छत, बोनट, मडगार्ड, हौद्याच्या कडा, टूलबॉक्स, सगळीकडे लावून बघा. फोर्ड एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, फोर्डच्याच सुपर ड्यूटी पिकअपची २०१७ पासून. तिथे चुंबक सरळ खाली पडेल. टोयोटा टकोमाचा हौदा २००५ पासून आतून कंपोझिटचा आहे, टंड्राचाही २०२२ पासून तसाच. म्हणजे आतून जे दिसतं ते प्लॅस्टिकच्या जातीचं. काही गाड्यांत छत पोलादी पण बोनट ॲल्युमिनियमचं, असाही प्रकार असतो, म्हणून एका जागी चिकटला की झालं असं समजू नका.

ॲल्युमिनियम ग्राउंड म्हणून उत्तम चालतं, फक्त चुंबकी अँटेना त्यावर बसत नाही. कंपोझिट मात्र ग्राउंड म्हणून बाद. काचेचं सनरूफही बाद.

पायरी दुसरी: जागा

तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगली जागा छताचा मध्य, यात दुमत नाही. चारी बाजूंना सारखा पत्रा, आडवं येणारं काही नाही, लहर सगळीकडे सारखी जाते. अडचण उंचीची आहे. मोठी पिकअप मुळातच सव्वासहा-साडेसहा फूट, घरच्या गॅरेजचं दार सहसा ७ फूट. त्यावर ४ फुटांची काठी उभी केलीत तर रोज उतरून ती काढावी लागेल. गाडी बाहेरच उभी राहात असेल आणि ड्राइव्ह-थ्रूची कॉफी सोडायची तयारी असेल, तर छतच निवडा.

पोलादी छत असेल तर चुंबकी माउंट हा नवख्यासाठी खरंच चांगला पर्याय आहे. ‘तात्पुरता’ म्हणून लोक त्याला नाकं मुरडतात. पण चुंबकाखालचा पत्रा रंगाच्या थरातूनही लहरींसाठी जोडला जातो, त्यामुळे हौद्यावरच्या अर्धवट ग्राउंडच्या महागड्या माउंटपेक्षा तो कितीतरी वेळा सरस ठरतो. छत आधी धुऊन-पुसून घ्या. मध्ये धूळ राहिली की चुंबक तिचा पॉलिशपेपर करतो.

छताला भोक पाडून बसवायचं एनएमओ नावाचं माउंट सगळ्यात पक्कं. त्यासाठी पाऊण इंची भोक आणि खास कटर लागतो. नवी गाडी असेल, छताच्या आत पडदा एअरबॅगच्या आणि दिव्यांच्या वायरी कुठून गेल्यात ते माहीत नसेल, तर स्वतः ड्रिल उचलू नका. रेडिओ बसवणाऱ्याकडे द्या.

बोनटच्या फटीत, मडगार्डच्या कडेवर बसणारे ब्रॅकेट अनेक मॉडेलसाठी तयार मिळतात. भोक पाडावं लागत नाही आणि काठीचा बराच भाग काचेसमोर मोकळा राहतो. मला पिकअपसाठी ही जागा आवडते: केबल आखूड लागते आणि इंजिनच्या बाजूने भिंतीतून आत घेता येते. काठी नजरेसमोर डुलते, त्याची आठवड्याभरात सवय होते.

सगळ्यात जास्त लोक लावतात ती जागा म्हणजे हौद्याचा पुढचा कोपरा, केबिनच्या मागे. दिसायला छान, बसवायला सोपी, आणि अडचणी सगळ्यात जास्त इथेच. एक तर काठी आखूड असेल तर तिचा बहुतेक भाग केबिनच्या मागे लपतो. कॉइल शेंड्याकडे असलेला अँटेना इथे घ्या आणि निदान वरचा अर्धा भाग छताच्या वर निघेल एवढी लांबी ठेवा. ४ फुटांखाली जाऊ नका, ५ फूट असेल तर आणखी बरं. दुसरं म्हणजे हौदा आणि चॅसी यांच्यातली जोड. तिच्याकडे पुढे येतोच. तिसरं, लहर ज्या दिशेला गाडीचा धातू जास्त त्या दिशेला जास्त जोराने जाते. डाव्या मागच्या कोपऱ्यात काठी असेल तर उजव्या पुढच्या बाजूला आवाज चांगला जाईल, उलट दिशेला कमी. यात वाईट काही नाही, फक्त माहीत असावं.

१०२ इंची काठी मागच्या बंपरजवळ लावणारेही आहेत. काम झकास करते. पण झाडाच्या फांद्या, गॅरेज आणि घरातली मंडळी, तिघांचाही तिला विरोध असतो.

दोन काठ्यांबद्दल एकदाच सांगतो. दोन्ही बाजूंना एकेक अशी जोडी मोठ्या ट्रकवर शोभते, कारण तिथे आरशांमधलं अंतर जास्त असतं आणि एकच काठी मागच्या उंच ट्रेलरमुळे एका बाजूला आंधळी होते. या जोडीने खरा फायदा मिळवायला दोघींत निदान ९ फूट अंतर हवं. पिकअपची रुंदी साडेसहा फुटांच्या आसपास. तेच पैसे एका चांगल्या काठीवर घाला.

पायरी तिसरी: अँटेना

छतावर चुंबकी असेल तर बुडाशी कॉइल असलेली, वर बारीक स्टीलची काठी असलेली. हौद्याच्या कोपऱ्यात किंवा मडगार्डवर असेल तर फायबरग्लासची, शेंड्याकडे कॉइल असलेली, ४ ते ५ फुटी. फांद्यांच्या रस्त्यावर फायबरग्लास कडक असतो, म्हणून त्याखाली स्प्रिंग घाला. गॅरेजसाठी झटकन काढता येणारं जोडही त्याखाली बसतं. मात्र ही दोन्ही लांबीत भर घालतात, तेव्हा ट्यूनिंग (काठीची लांबी जुळवणं, पायरी सातवी) करण्याआधीच लावा. शेंड्याला स्क्रू फिरवून लांबी बदलता येणारा अँटेना घ्या. नवख्याला काठी कापण्यापेक्षा स्क्रू फिरवणं सोपं, आणि चुकलं तर परत फिरवता येतं.

‘नो ग्राउंड प्लेन’ नावाचे संच मिळतात, ते फायबरग्लासच्या बोटी आणि कॅम्परसाठी. प्लॅस्टिकच्या हौद्यावर दुसरा इलाजच नसेल तर घ्या. पण त्याची केबल आणि काठी एकमेकांसाठीच बनलेली असतात, साध्या अँटेनाशी अदलाबदल करून चालत नाही.

पायरी चौथी: माउंट आणि केबल

बहुतेक सीबी अँटेनांचे आटे ३/८ इंची, इंचाला २४ असतात, त्यामुळे माउंट कुठल्याही कंपनीचं चालतं. ब्रॅकेटमधल्या स्टडला, म्हणजे काठी ज्यावर बसते त्या आट्यांच्या तुकड्याला, एक नायलॉनचा वायसर असतो. त्याचं काम काठीला ब्रॅकेटपासून वेगळं ठेवणं. तो ज्या बाजूला आकृतीत दाखवलाय त्याच बाजूला, आणि त्याचा खांदा भोकात बसेल असा लावायचा. घाईत तो उलटा बसला किंवा खिशातच राहिला की काठी थेट गाडीला टेकते. नव्या बसवणीत काहीच चालत नसेल तर आधी हा वायसर तपासा.

ब्रॅकेट जिथे बोल्टने आवळायचं तिथला रंग खरवडून चकचकीत धातू काढा, दातेरी वायसर घाला, आवळा, आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावून झाका. रंग खरवडायला जीव होत नाही, हे समजतं. पण पावडर कोटिंग केलेलं ब्रॅकेट रंगवलेल्या पत्र्यावर आवळलं तर वीज जाणार कुठून?

हौद्यावर माउंट असेल तर आता ती जोड. तांब्याची विणलेली चपटी पट्टी घ्या, टिन केलेली असेल तर उत्तम. एक पट्टी हौद्यापासून चॅसीला, दुसरी केबिनपासून चॅसीला. जितकी आखूड आणि रुंद तितकी चांगली. नुसती बारीक वायर बॅटरीच्या दृष्टीने अर्थिंग करते, पण २७ मेगाहर्ट्झच्या लहरीला ती पुरत नाही. हौदा कंपोझिटचा असेल तर ब्रॅकेटपासून थेट चॅसीला पट्टी जोडा, आणि शक्य असेल तर हौद्याचा नाद सोडून मडगार्डकडे या.

केबल ५० ओहमची: आरजी-५८ किंवा थोडी जाड, कमी गळतीची आरजी-८एक्स. टीव्हीची केबल उरलीय म्हणून वापरू नका, ती ७५ ओहमची असते. लांबी किती, यावर सीबीवाल्यांत कायम वाद चालतो. काही कंपन्या १८ फूट सुचवतात. ग्राउंड चांगलं असेल तर लांबीने फारसं बिघडत नाही. केबल कमी-जास्त केल्याने एसडब्ल्यूआर मीटरचा (पायरी सातवी) आकडा नाचत असेल तर दोष ग्राउंडचा असतो. उरलेली केबल घट्ट गोल गुंडाळू नका, इंग्रजी आठच्या आकारात सैल घडी घालून सीटमागे ठेवा. दारातून घेताना ती चिमटणार नाही हे बघा आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जातं.

पायरी पाचवी: मल्टिमीटर

रेडिओ जोडण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करा. काठी काढून ठेवा. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक ब्रॅकेटला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावा: सलग जोड दिसली पाहिजे, ओहम जवळजवळ शून्य. मग केबलच्या रेडिओकडच्या टोकाचा बाहेरचा धातू आणि ब्रॅकेट: तिथेही जोड हवी. केबलची मधली सळई आणि माउंटवरचा स्टड: जोड हवी. शेवटी मधली सळई आणि ब्रॅकेट: इथे जोड नको. असेल तर वायसर किंवा प्लगचं सोल्डर बघा. काठी लावल्यावर काही अँटेना आतूनच ग्राउंडला जोडलेले असतात आणि मीटर जोड दाखवतो, म्हणून तर काठी काढून मोजायचं.

पायरी सहावी: वीज

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर रेडिओ चालतो, पण इंजिनचा गुंजारवही आत येतो. दोन्ही वायरी थेट बॅटरीकडे न्या आणि बॅटरीजवळच फ्यूज घाला, रेडिओच्या पुस्तिकेत असेल तेवढ्याच अँपिअरचा. नव्या पिकअपमध्ये ऋण टोकावर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे काळी वायर टोकावर न लावता सेन्सरच्या पलीकडे, गाडीच्या बॉडीच्या बाजूला जोडा. नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो.

पायरी सातवी: एसडब्ल्यूआर

अँटेना न लावता माइकचं बटण दाबायचं नाही, कधीच नाही. परत फिरलेली शक्ती रेडिओच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर येते.

एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेल्यातलं किती परत येतंय याचं माप. १.५ असेल तर ४ टक्के परत येतं, २ असेल तर ११, आणि ३ असेल तर २५ टक्के. १.५ च्या आसपास आलं की खूश व्हा, २ पर्यंत निभावून जातं, ३ असताना बोलू नका.

गाडी मोकळ्या मैदानात न्या. घराच्या भिंतीजवळ, झाडाखाली, विजेच्या तारांखाली घेतलेलं माप खोटं येतं, आणि उंच काठी तारांखाली उभी करणं तर जिवावरचं. दारं, बोनट, टेलगेट बंद. एसडब्ल्यूआर मीटर रेडिओ आणि अँटेनाच्या केबलच्या मध्ये, छोट्या केबलने जोडा. चॅनल वापरात नाही हे ऐकून घ्या. चॅनल १ वर बटण दाबा, मीटरचा खटका ‘जाणाऱ्या’ शक्तीच्या बाजूला ठेवून काटा खुणेपर्यंत आणा, मग ‘परतीच्या’ बाजूला करून आकडा वाचा. सगळं पाच-सात सेकंदांत. हेच चॅनल २० आणि ४० वर, प्रत्येक वेळी काटा नव्याने जुळवून.

चॅनल ४० चा आकडा चॅनल १ पेक्षा जास्त असेल तर अँटेना लांब आहे, कमी करा. चॅनल १ चा जास्त असेल तर आखूड आहे, वाढवा. स्क्रू एका वेळी एक-दोन फेरेच फिरवा, हात बाजूला घ्या, लांब व्हा, मग पुन्हा मोजा. साधी स्टीलची काठी असेल तर एका वेळी पाव इंचाहून जास्त कापू नका. दोन्ही टोकांचे आकडे सारखे आणि चॅनल २० चा त्यांच्यापेक्षा कमी आला की काम झालं.

तिन्ही ठिकाणी ३ च्या वर असेल तर काठीशी खेळत बसू नका. तो लांबीचा प्रश्न नाही. पायरी चौथी आणि पाचवीकडे परत जा, रंग, पट्टी, वायसर, प्लग, याच क्रमाने. अँटेना बदलून आणणारे पुष्कळ असतात, आणि नवा अँटेनाही त्याच ब्रॅकेटवर तोच आकडा दाखवतो.

नंतरची निगा

मीटर कायम जोडून ठेवायची गरज नाही. महिनाभराने सगळे नट एकदा पाना लावून बघा, कच्च्या रस्त्यावर ते सैल होतात. धुलाई केंद्रात जाण्याआधी काठी उतरवा. चॅनल १९ वर ‘रेडिओ चेक’ विचारलं तर कुणीतरी ट्रकवाला उत्तर देतोच, पण तो किती मैलांवर आहे हेही विचारा. लहान काठीने सपाट रस्त्यावर चार-पाच मैल मिळाले तर ते चांगलं समजा, डोंगरात त्याहून कमी मिळतील. आणि मोठ्या पावसानंतर एसडब्ल्यूआर अचानक चढला तर केबलच्या प्लगमध्ये पाणी शिरलंय. तो पुसून वाळवत बसू नका. काळी पडलेली केबल कापून नवा पीएल-२५९ प्लग लावा आणि बाहेरच्या सगळ्या जोडांवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा.